आमच्या घरमालकांची बोटं

सोलापुरात असं एकही डोकं नसेल, ज्यावरून आमच्या घरमालकांचा हात एकदा तरी फिरला नाही, असं मी लिहिलं तर ते खरं ठरणार नाही. पण फार खोटंही ठरणार नाही. रिक्षावाले, भाजीवाल्या, बँकेतले साहेब, लग्नात शेजारच्या खुर्चीवर बसलेले पाहुणे, कुणीच सुटलेलं नाही. एका निवडणुकीत मतदान केंद्रावर त्यांच्या बोटाला शाई लावायला एक गुरुजी पुढे वाकले, तर शाई वाळेपर्यंत यांच्या दुसऱ्या हाताची बोटं गुरुजींच्या टाळूवर पोचली होती. मागे रांग खोळंबली. "डावीकडे जरा उंच आहे, पण काळजीचं कारण नाही," असं सांगून ते मत द्यायला आडोशाला गेले. गुरुजी त्यानंतर बराच वेळ स्वतःचं डोकं चाचपत होते म्हणे.

आम्ही खोलीवरच्या मुली त्यांना काका म्हणतो. ते सर्जन आहेत, मेंदूचे. पण त्यांना कुणी मेंदूचे डॉक्टर म्हटलेलं आवडत नाही. त्यांचं खरं प्रेम कवटीवर. "मेंदूला सगळे विचारतात. कवटीला कोण विचारतंय?" हे वाक्य मी तीन वर्षांत इतक्या वेळा ऐकलं आहे की आता कवटीबद्दल मलाच वाईट वाटतं. त्यातही कवटीच्या हाडाच्या आत, हाडातच तयार होणाऱ्या गाठी हा त्यांचा जीव की प्राण. या गाठी साध्या असतात, म्हणजे कॅन्सरच्या नसतात, आणि फार क्वचित सापडतात. साधं आणि दुर्मीळ एकत्र मिळणं म्हणजे भाग्य, असं काका म्हणतात. ज्यांच्या डोक्यात ती गाठ असते त्यांना ते भाग्य वाटत नाही, हे त्यांच्या कधी लक्षात आलं नसावं.

मी माळशिरस तालुक्यातल्या एका छोट्या गावची. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे शहरात खोली कशी बघायची, काय विचारायचं, हे ना मला माहीत होतं ना वडिलांना. साखर पेठेच्या मागच्या बोळात, यंत्रमागांच्या खडखडाटात, काकांचं दुमजली घर आहे. आम्ही दोघं पायरीवर उभे राहिलो. काकांनी वडिलांना पहिल्यांदा सांगितलं ते असं, की टोपी काढा. वडिलांनी टोपी फक्त झोपताना आणि कुणाच्या मयतीला काढलेली मी पाहिली होती. त्यांनी घाबरत ती काढली. काकांनी डोळे मिटले, वडिलांच्या डोक्यावर दहा बोटं ठेवली आणि मागून पुढे सरकवत पुटपुटायला लागले, "ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू..." मग माझी पाळी. मग ते म्हणाले, "दोघं ठीक आहात. खोली वर आहे." जिना चढताना वडील हळूच मला म्हणाले, "मालक देवमानूस हाय. डोक्यावर हात ठिवून मंतर म्हणला." ते तेलुगू आकडे आहेत आणि काका कवटी बोटाबोटानं मोजतात, हे मला कळायला महिना लागला. वडिलांना मी ते अजून सांगितलेलं नाही.

या मोजण्याची एक गोष्ट आहे. काकांचे वडील इथल्याच एका कारखान्यात विणून आलेल्या चादरी तपासायला बसायचे. डोळे मिटून चादरीवरून हात फिरवायचे आणि जिथे धागा तुटलेला असेल, गाठ आली असेल, तिथे थांबायचे. कापड डोळ्याला फसवतं, बोटाला फसवत नाही, हे त्यांचं म्हणणं. लहानपणी काका शेजारी बसून त्यांच्याबरोबर घरच्या तेलुगूत मोजायचे. पुढे पोरगा डॉक्टर झाला, पण बोटांना जी सवय लागली ती लागलीच. बाजारात कलिंगड घेताना लोक ते वाजवून बघतात. काका डोळे मिटून चाचपतात. फळवाला ओळखीचा आहे म्हणून बरं. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, डोकी राहतात. दहा वर्षांपूर्वीचा रुग्ण रस्त्यात भेटला तर त्याच्याकडे अनोळखी नजरेनं बघतात, आणि टाळूवर बोटं टेकली की लगेच त्याच्या मुलांची चौकशी करतात. आम्हा मुलींची नावं तर त्यांनी कधी पाठ करायचा प्रयत्नच केला नाही. मी 'माळशिरस', माझ्या खोलीतली दुसरी 'अक्कलकोट'.

काकू सांगतात ती हकीकत तर आमच्या सगळ्या मैत्रिणींना तोंडपाठ आहे. काकूंना बघायला काका आले, चहा झाला, काकू नमस्कार करायला वाकल्या आणि यांनी डोक्यावर हात ठेवला तो उचललाच नाही. घरच्यांना वाटलं, मुलगा फार संस्कारी आहे. फक्त काकूंची आजी तेलुगूत म्हणाली की नवरा मुलगाच आशीर्वाद द्यायला लागला, तर मग आम्ही म्हाताऱ्यांनी काय करायचं? "ह्यांनी माझं तोंड बघितलं ते थेट लग्नात," काकू म्हणतात. काकांचं त्यावर उत्तर ठरलेलं: तोंड बदलतं, कवटी बदलत नाही. तेव्हापासून आमच्या बोळात एक रीत पडली आहे. सणावाराला लहान पोरं काकांच्या पाया पडतात ती हाताच्या अंतरावरून, पटकन, आणि लगेच मागे उडी मारून. वाकून स्थिर राहिला तो सापडला.

पण काकांचा सगळ्यात मोठा उद्योग म्हणजे सोमवारची शाळा. सोमवारी सलूनं बंद असतात. त्या दिवशी दुपारी आजूबाजूच्या पेठांमधले आठ-दहा सलूनवाले काकांच्या गच्चीवर जमतात. काकांचा हिशेब सरळ आहे: माणूस डॉक्टरकडे जातो दुखल्यावर, पण ही गाठ दुखत नाही. वर्षानुवर्षं गप्प बसते. तिला पहिला हात कुणाचा लागतो? केस कापणाऱ्याचा. म्हणून त्यांनी सलूनवाल्यांनाच शिकवायचं ठरवलं. नारळाला कणकेचे गोळे चिकटवायचे, कुठे मऊ, कुठे घट्ट, कुठे गोळ्याच्या आत हरभरा, त्यावर रुमाल टाकायचा आणि एकेकानं डोळे मिटून ओळखायचं. कातडीतली गाठ बोटाखाली सरकते. हाडातली सरकत नाही, आणि तिच्या भोवती नीट चाचपलं तर हाडाची धार लागते. या धारेवर काकांचं इतकं प्रेम की त्यांच्याकडे सलूनमधून ज्या चिठ्ठ्या येतात ("उजव्या कानाच्या वर, बोराएवढं, सरकत नाही, कडेला धार") त्या त्यांनी फाईल करून ठेवल्या आहेत. शाळा सुटल्यावर नारळाची चटणी होते. कणकेचं काय होतं ते आम्ही मुलींनी काकूंना कधी विचारलं नाही. सोमवारी रात्री आम्ही भातच खातो.

त्या गच्चीवर चहा नेऊन देण्याचं काम माझं. पहिल्या दोन सोमवारी मी नुसती ऐकत उभी राहिले. मला एक प्रश्न पडला होता आणि तो विचारण्याइतकी माझी पायरी आहे का, हे कळत नव्हतं. तिसऱ्या सोमवारी ट्रे खाली ठेवताना तो तोंडातून निघून गेला. मी म्हटलं, "काका, पण बायका कुठे सलूनमध्ये जातात?"

सगळे सलूनवाले माझ्याकडे बघायला लागले. काकांनी नारळ खाली ठेवला. मला वाटलं, आता खोली सोडावी लागणार. ते म्हणाले, "तुझ्या घरी कुणाला आहे?"

कसं ओळखलं, हे मी त्यांना नंतर विचारलं. ते म्हणाले, असला प्रश्न ज्याच्या घरात असतो त्यालाच पडतो की.

माझ्या आईला होती. डोक्याच्या अगदी वर, थोडी मागच्या बाजूला. मला कळायला लागल्यापासून ती गाठ तिथे होती. लहानपणी आईच्या कुशीत झोपताना माझा हात तिच्या डोक्यावर जायचा आणि तळहातात ती गाठ धरून मी झोपायचे. गुळगुळीत, घट्ट, ऊबदार. आमच्याकडे तिला कुणी आजार म्हणतच नव्हतं. आई जन्मभर डोक्यावरून ओझी वाहत आली: सरपण, पाण्याच्या घागरी, गुरांसाठी उसाच्या वाढ्याचे भारे. ओझ्यानं टेंगूळ आलं, असं सगळा गाव म्हणायचा आणि आईही तेच सांगायची, थोड्या अभिमानानं. भाऱ्याखाली ठेवायची चुंबळ, म्हणजे जुन्या कापडाची गुंडाळलेली ती गोल कडी, तिनं अशी बांधली होती की मधल्या भोकात गाठ बरोबर बसायची. "देवानंच जागा करून दिल्या, वझं सरकत न्हाय," असं ती म्हणायची.

मी मात्र मनात वेगळंच धरून बसले होते. मी शिकावं म्हणून आई दुसऱ्यांच्या रानातले जादा भारे उचलायची, हे मला माहीत होतं. म्हणजे ती गाठ माझ्यामुळे आली होती. एकेका इयत्तेनं ती वाढत गेली होती. हे मी कधी कुणाला बोलले नाही. आणि त्या वर्षी, मी कॉलेजात आल्यावर, आईचं डोकं सकाळी-सकाळी दुखायला लागलं होतं. एकदा चक्कर येऊन तिच्या डोक्यावरचा भारा बांधावरच पडला. वडिलांनी फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

काकांनी मला एवढंच सांगितलं की तिला घेऊन ये. आई आली ती नाराजीनंच. काकांनी डोळे मिटून तिच्या डोक्यावर बोटं ठेवली. या वेळी मोजणी फार हळू चालली. "आरू"पाशी, म्हणजे सहापाशी, बोटं थांबली, गाठीभोवती गोल फिरली, पुन्हा फिरली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. काकांना आनंद झाल्यावर ते कपाळाला आठ्या घालतात, हे मला माहीत होतं. आईला माहीत नव्हतं. तिचा रंग उडाला.

स्कॅन झाला. गाठ हाडात होती, कडा स्वच्छ होत्या, पण खाली, मेंदूच्या बाजूला, तिनं हाड खाऊन पातळ केलं होतं. आता मुख्य प्रश्न एकच होता: ही काकांच्या आवडीची साधी गाठ आहे, की दुसरं काही वाईट? काकांना हवा होता तिचा इतिहास. किती वर्षांची? आधी केवढी होती? किती वेगानं वाढली? साधी गाठ वर्षानुवर्षं हळूहळू वाढते, वाईट असेल ती घाई करते. त्यांनी आईला जुने कागद, जुना एखादा फोटो, काहीतरी विचारलं. आमच्याकडे आईचा डोक्यावर पदर नसलेला एकही फोटो नाही.

"मला काय म्हाईत किती वाडलं ते," आई म्हणाली. "मापून कुणी बगितलंय? चुंबळ आवळायला लागली की मी नवी बांदायची."

काका खुर्चीत पुढे झुकले. "जुन्या कुठं आहेत?"

"हायत की गोठ्यात. खुंटीला."

दुसऱ्या दिवशी वडील एसटीनं खताच्या पिशवीत पाच चुंबळी घेऊन आले. आईला याची फार लाज वाटली. एवढा मोठा डॉक्टर, आणि चिंध्या आणायला माणसाला गावाला धाडतो, असं ती माझ्याजवळ दोनदा म्हणाली. काकांनी टेबलावरची पुस्तकं बाजूला केली, पाचही चुंबळी ओळीनं मांडल्या आणि लोखंडी माप घेऊन प्रत्येकीचं भोक मोजायला लागले. मोजायच्या आधी कापडावरून बोट फिरवायचे. "हे सोलापूरचं कापड नाही," असं एकीला त्यांनी जरा तुच्छतेनं सांगितलंसुद्धा. मग प्रत्येक वेळी आईला विचारायचे, हे कापड कधीचं? आणि माझ्या आईनं, जिला स्वतःची जन्मतारीख माहीत नाही, एकेक उत्तर न चुकता दिलं. पहिली तिच्या हळदीच्या लुगड्याची. दुसरी माझ्या झोळीची. तिसरी मी चौथीत होते तेव्हाच्या शाळेच्या निळ्या स्कर्टची. चौथी वडिलांच्या धोतराची, मी आठवीत गेले त्या उन्हाळ्यातली. पाचवी माझ्या दहावीच्या ओढणीची.

काका कागदावर आकडे लिहीत गेले. पाच टिंबं काढली, ती जोडली. रेघ जवळजवळ सरळ आली, हळूच चढणारी. काकांनी आठ्या घातल्या.

"वीस वर्षांहून जास्त," ते म्हणाले. "गोगलगाय आहे अक्का, गोगलगाय. पण आता आतल्या बाजूला भिंतीला टेकली आहे. म्हणून डोकं दुखतंय. काढायला पाहिजे." सगळ्याच बायांना ते अक्का म्हणतात. मग त्यांनी काकूंना ज्वारीची भाकरी आणायला सांगितली, आईसमोर ती उकलून धरली आणि म्हणाले की कवटीचं हाड असं असतं: वर पापुद्रा, खाली पापुद्रा, मध्ये पोकळ. आपण आईच्या पोटात असतो आणि हाडं जुळत असतात, तेव्हा कधीतरी कातडीचे चार कण मध्येच अडकून राहतात. विणताना दुसराच धागा आत यावा तसे. मग ते आत बसून वाढतात.

आईनं भाकरीकडे बघितलं. "आन हे वझ्यानं न्हाय?"

"ओझ्याचा काही संबंध नाही. तुम्ही जन्मलात तेव्हाच ते होतं."

मी दारापाशी उभी होते. मी पुन्हा विचारलं. हसतील असं वाटत होतं, तरी विचारलं, "नक्की काका? म्हणजे भारे उचलले म्हणून नाही? नंतर, मी शाळेत..."

आई माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "म्हनून तू चुंबळ लपवायचीस व्हय गं? कणगीच्या मागं?"

मी लपवायचे. दुसरी-तिसरीत असताना. आई दिवसभर शोधायची आणि शेवटी पदराचीच चुंबळ करून जायची. मला वाटलं होतं तिला कधी कळलं नाही.

काका आमच्या दोघींकडे बघत होते. "ए माळशिरस," ते म्हणाले, "तुझ्या आईच्या डोक्यात ते आलं तेव्हा तू कुठंच नव्हतीस. तुझी आजी तरणी होती." आणि उरलेली अर्धी भाकरी शेंगाचटणी लावून खाऊन टाकली.

आता राहिला केसांचा प्रश्न. नवरा जिवंत असताना डोकं भादरायचं, हे आईच्या मनाला पटेना. गाठीपेक्षा तिला याचीच धास्ती. काकांनी सांगितलं की सगळं काढत नाही, चार बोटं रुंद पट्टी फक्त. तेव्हा काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या की त्यांनी स्वतः दोनदा तिरुपतीला केस दिले आहेत, नवरा समोर उभा असताना, आणि नवरा अजून धडधाकट आहे, बघा. आईनं काकांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मग सगळंच काडा," ती म्हणाली. "पट्टी काडली तर उंदरानं कुरतडल्यागत दिसंल." ऑपरेशन मंगळवारी ठरलं. त्यामुळे सोमवारी कोपऱ्यावरचे सलूनवाले मामा गच्चीवरच्या शाळेला दांडी मारून दवाखान्यात आले. चाळीस वर्षांत बाईच्या डोक्याला वस्तरा लावायची त्यांची ही पहिलीच वेळ. ते इतक्या हळुवार हातानं काम करत होते की आईला मध्येच डुलकी लागली. संपल्यावर मामांनी परवानगी मागून, डोळे मिटून, गाठीभोवती बोट फिरवलं. "धार हाय," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

आत नेण्याआधी आईनं काकांना विचारलं की डोकं हलणार तर नाही? काकांनी सांगितलं, "आमच्याकडं पण चुंबळ असते अक्का. डोक्याच्या खाली ठेवतो. रबरासारखी मऊ."

"कुनी बांदल्या?"

"कंपनीची आहे."

"मग नीट नसंल," आई म्हणाली, आणि तिला आत नेलं.

मी, वडील आणि काकू बाहेर बाकावर बसलो. वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि मला ती सारखी त्यांच्या डोक्यावर घालावीशी वाटत होती, कारण ते टोपी कधी काढतात ते मी मगाशी लिहिलं आहे. काकूंनी डबा आणला होता, तो कुणी उघडला नाही. दुपारी काका बाहेर आले. त्यांनी दोन्ही हात पुढे धरले होते, जणू बोटं अजून काहीतरी चाचपत आहेत. आत मोत्यासारखं पांढरं, पापुद्र्या-पापुद्र्याचं निघालं होतं. खालचं हाड एका ठिकाणी उरलंच नव्हतं आणि गाठीची पिशवी मेंदूवरच्या पडद्याला चिकटली होती. "एक धागा ठेवला नाही," ते म्हणाले. "ठेवला तर परत होतं. सगळी पिशवी सोडवून काढली." हाडातली जागा त्यांनी सिमेंटसारख्या पदार्थानं भरून, बोटांनी आकार देऊन, बाकीच्या डोक्याशी सारखी करून टाकली होती. वडिलांनी विचारलं, साधंच हाय न्हवं? काकांनी सांगितलं की बोटं तसं म्हणतात, पण सही रिपोर्टची. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत काका मला जिन्यात भेटले की चुंबळींच्या त्या रेघेबद्दल बोलायचे, जणू तीच माझी परीक्षा होती आणि मी पास झाले होते. रिपोर्ट साधाच आला. वडिलांनी टोपी घातली.

आई बरी आहे. डोकं दुखत नाही. केस पुन्हा आले, पहिल्यापेक्षा काळे, असं ती गावात सांगते. भारा मात्र उचलायचा नाही, असं काकांनी बजावलं आहे. आता वाढं वडील सायकलच्या मागे बांधून आणतात आणि आई मागून चालते. मोकळ्या डोक्यानं रस्त्यानं चालायची तिला लाज वाटते. हातांचं काय करायचं कळत नाही म्हणते. गावी गेले की मी अजून तिच्याजवळ झोपते. झोपेत माझा तळहात तिच्या डोक्यावर जातो आणि तिथे आता सगळं सपाट असतं. हात थोडा वेळ इकडेतिकडे फिरतो आणि मग कुठेतरी थांबतो.

माझ्या दहावीच्या ओढणीची चुंबळ काकांच्या टेबलावर आहे. त्यांच्याकडची प्लास्टिकची कवटी आधी सारखी कलंडायची. आता ती त्या चुंबळीवर नीट बसते. आईनं ती मागून घ्यायचं म्हटलं नाही, काकांनी परत द्यायचं म्हटलं नाही.

या वर्षी काकांनी ऑपरेशनं थांबवली. एक दिवस ऑपरेशनच्या टेबलावर त्यांच्या हाताखालच्या तरुण डॉक्टरला गाठीची धार त्यांच्या आधी लागली. त्यांच्या वडिलांनीही ज्या दिवशी एक तुटका धागा बोटांतून निसटला, त्या दिवशी चादरींपुढून उठून जागा रिकामी केली होती. काकांनी हे आम्हाला जेवताना सांगितलं, मीठ मागावं तितक्या सहज. सोमवारची शाळा मात्र चालू आहे, आणि आता त्यात चार बायका येतात: दोन ब्युटी पार्लरवाल्या, एक बाळंतिणींना न्हाऊ-माखू घालणारी मावशी, आणि आमच्या बोळातल्या एक बाई, ज्यांचा काही संबंध नाही पण ज्यांना चहा आवडतो.

माझं बीएस्सी झालं. पुढच्या शिक्षणासाठी मला दुसऱ्या गावी जायचं होतं. वडील पेटी न्यायला आले होते. मी काकूंच्या पाया पडले, मग काकांच्या. बोळातल्या पोरांसारखी मागे उडी मारली नाही. वाकून तशीच थांबले. माझ्या डोक्यावर दहा बोटं आली. दारात वडिलांनी टोपी सावरली. मी ओकटी, रेंडूची वाट बघत होते. समोरच्या घरातला माग थांबला, पुन्हा सुरू झाला. बोटं हलली नाहीत, आणि काकांनी काही मोजलं नाही.